बाबांची गुप्त भाषा

घासाघीस करावी ती आपणच, असं माझ्या बाबांचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. त्यांनी भाव पाडून आणलेली वांगी नेमकी किडकी का निघत, हे कोडं मात्र त्यांना शेवटपर्यंत उलगडलं नाही.

सत्तरच्या दशकात रेल्वेने त्यांची कलकत्त्याला बदली केली आणि गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहू लागलो. आईचे गुडघे दुखायचे, ट्रामची पायरी तिला चढवत नसे. चार मराठी बायका भेटायच्या त्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मराठी मंडळात. दोन वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती. मी शाळेत फाडफाड बंगाली बोलायला शिकले होते, बाबा घरी आले की पेपर उघडून बसत, आणि आई खिडकीत. एकदा ती जेवता जेवता रडली, तेव्हा कुठे बाबांना गाडी सुचली.

नवी गाडी नोंदवली असती, तर ती बहुधा माझ्या लग्नाला मिळाली असती. म्हणून आम्ही जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो. मालक बंगाली, पांढऱ्या धोतरातले, अतिशय शांत. त्यांनी हिंदीत अकरा हजार सांगितले आणि चहा मागवला.

आता बाबांनी आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. परक्यांसमोर आपसात मराठीत बोलायचं, कुणाला काय कळणार! ते आईकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "गाडी झकास आहे, पण तू तोंड पाडून बस. मी नऊ म्हणतो, दहा हजारांपर्यंत जाऊ."

'हजार' हा शब्द जणू पुण्याबाहेर कुणी ऐकलाच नव्हता. आईने तोंड पाडलं. तिला त्यासाठी फारसं काही करावं लागलं नाही.

"नौ हजार," बाबा मालकांना म्हणाले.

"दस."

एका दमात हजार उतरले! बाबांची छाती फुगली. "बघितलंस? आता मी निघून जायचं सोंग करतो. हाक मारतो की नाही बघ."

ते उठून दारापर्यंत गेले. मालकांनी हाक मारली नाही. ते आईला म्हणाले, "वहिनी, साहेबांना बसवा ना जी. चहा येतेच आहे. माझे वडील नागपूरला रेल्वेत होते, मी तिथंच शिकलो."

बाबा एक पाय आत, एक बाहेर असे उभे राहिले. मला हसू आवरेना. आई मात्र हसली नाही. तिने विचारलं, "नागपुरात कुठं?"

मग ती थांबेचना. तिथला उन्हाळा, संत्री, तिथल्या महाल भागात राहणारी तिची मावशी, सांडगे, गुडघे. दोनदा चहा झाला. मध्येच बाबांनी चाचरत "साडेनऊ" म्हणून पाहिलं, तर तीच त्यांच्यावर उखडली. "अहो, भाजी घेताय का? द्या दहा." बाबांनी दिले.

परतताना बाबा स्टिअरिंग आवळून धुसफुसत होते. "पाचशे तरी सुटले असते. इतक्या कसल्या गप्पा त्याच्याशी?"

आई काचेबाहेर बघत म्हणाली, "दोन वर्षांत तुम्ही माझ्याशी बोलला नसाल तेवढं ते आज बोलले."

बाबांनी उगाचच गिअर बदलला. मागच्या सीटवर मी अजून हसत होते, ती थांबले. आई मराठीत विचारायची, तेव्हा मी तिला बंगालीत उत्तरं देत असे.