आतोबांच्या घरचा सर्व्हर

दिल्लीच्या आसपास आजवर जेवढी म्हणून हट्टी मराठी माणसं येऊन गेली, पानिपतावर गेलेल्या लष्करासकट, त्या सगळ्यांचा हट्ट एका पारड्यात आणि आमच्या आतोबांचा हट्ट दुसऱ्या पारड्यात टाकला, तर आतोबांचं पारडं जमिनीला टेकेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. दिल्लीत वाढलेली आमची पुढची पिढी त्यांना 'फूफाजी' म्हणते आणि ते त्या हाकेला ओ देत नाहीत. केंद्र सरकारच्या एका खात्यात तारा आणि यंत्रं सांभाळण्यात त्यांची नोकरी गेली. तिथे ते एकच गोष्ट शिकले, असं त्यांचं म्हणणं होतं. आपलं बोलणं दुसऱ्याच्या घरातून जात असेल, तर तो दुसरा कान लावून ऐकतो. "मी स्वतः ऐकलंय ना, यार!" असा पुरावाही ते वर देत.

देशाची दारं नुकती कुठे जगाला उघडली होती, लोक रंगीत टीव्ही आणि नव्या मोटारींच्या मागे लागले होते, तेव्हा आतोबांनी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये कॉम्प्युटर आणला आणि घरचा एकुलता एक फोन त्याला जोडून टाकला. शहरातले आणखी चार-सहा असेच वेडे एकमेकांच्या कॉम्प्युटरला फोन लावून निरोप ठेवत. परिणामी त्या घरी फोन केला की माणसाऐवजी यंत्राची किंचाळी ऐकू यायची. माझ्या बहिणीचं लग्न ठरलं, ही बातमी स्वतःच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे आत्याला, द्यायला माझ्या वडिलांना भर उन्हात बस बदलत यावं लागलं. ते दारातच तणतणले, तर आतोबा शांतपणे म्हणाले, "अच्छा, मग निरोप टाकायचा ना." वडिलांकडे कॉम्प्युटर नव्हता, ही त्यांच्या मते वडिलांची चूक होती.

पुढे ते निवृत्त होऊन नोएडाच्या एका सेक्टरात राहायला गेले. खिडकीतून तेव्हा मोहरीचं शेत दिसायचं. मग शेताच्या जागी काचेचे टॉवर उभे राहिले, आणि टॉवरांत बसलेल्या कंपन्यांनी जगाच्या सगळ्या गप्पा ताब्यात घेतल्या अशी आतोबांची खात्री झाली. अशात त्यांना कळलं की आपल्या जातीचे वेडे जगात अजून शिल्लक आहेत. एका कंपनीच्या प्रचंड धर्मशाळेत सगळ्यांनी पथारी टाकण्याऐवजी ज्याने त्याने आपल्या घरी आपला छोटा सर्व्हर चालवायचा, ओळखीच्यांना तिथे जागा द्यायची, आणि या घरी लिहिलेलं त्या घरी आपोआप पोचायचं, असा त्यांचा कारभार. आतोबांनी मागच्या खोलीत सर्व्हर मांडला. मे महिन्यात घरातला एकमेव एसी त्याच खोलीत चाले, आणि पाहुण्यांना गारवा हवा असेल तर त्यांनी यंत्राशेजारी स्टुलावर बसावं, असा नियम होता. थंडीत आत्याने त्या यंत्राचा खरा उपयोग शोधून काढला. दिल्लीच्या जानेवारीत दही काही लागत नाही. सर्व्हरचा माथा कायम कोमट, म्हणून ती विरजणाचं पातेलं त्याच्यावर ठेवू लागली. "यांच्या यंत्रांतून निघालेली ही पहिली खाण्याजोगी वस्तू," असं ती सगळ्यांना सांगे.

या सर्व्हरवर जागा मिळवणं म्हणजे सरकारी क्वार्टर मिळवण्याइतकंच अवघड काम. आतोबा अर्जदाराला घरी चहाला बोलावत, मूळ गाव विचारत, आणि चहा पिताना तो किती बोलतो ते बघत. एका बँक अधिकाऱ्याला, तो रोज सकाळी सगळ्यांना फुलांची चित्रं पाठवतो एवढ्यावरून त्यांनी परत पाठवलं. पण एकदा आत घेतलं की तो माणूस घरचा. कुणी दोन दिवस काही लिहिलं नाही, तर आतोबा मफलर गुंडाळून मेट्रोने त्याच्या दारात हजर. एकट्या राहणाऱ्या एक बाई न्हाणीघरात पडल्या होत्या, तेव्हा त्यांच्या मुलांच्या आधी आतोबा पोचले होते. आणि बाहेरच्या एखाद्या सर्व्हरवरून कुणी शिवीगाळ केली, तर ते नुसत्या त्या माणसाला नाही, त्याच्या अख्ख्या सर्व्हरला दार बंद करत. एक बटण दाबलं की तिथल्या कुणाचंच काही इकडे येणार नाही, इकडचं तिकडे जाणार नाही. "माझं घर, माझी कडी," ते म्हणत.

मग आत्या गेली. तिच्यामागे आतोबांचे कान झपाट्याने गेले. श्रवणयंत्र ते लावेनात, कारण ते मोबाइलमधल्या अ‍ॅपला जोडावं लागायचं आणि अ‍ॅप कंपनीचं. "कंपनीला घरात घेतलं नाही, ती कानात घेऊ?" समोर बसून ओरडलं तर त्यांना कळे, फोनवर मात्र काहीच नाही. त्यामुळे मेलबर्नला राहणाऱ्या रश्मीशी, त्यांच्या एकुलत्या एका मुलीशी, त्यांचं सगळं बोलणं सर्व्हरवर लिहूनच चाले. रश्मीचं खातं आधी अर्थातच वडिलांच्या सर्व्हरवर होतं. पुढे आपल्या वयाची माणसं भेटावीत म्हणून ती पुण्यातल्या काही मंडळींच्या सर्व्हरवर गेली. "मुलगी सासरी गेली," असं म्हणत आतोबांनी तिचं जुनं खातं तसंच ठेवलं, माहेरची खोली राखून ठेवावी तसं. बापलेकींना त्याने काही फरक पडला नाही. भाजी कोणती केली, पोटातलं बाळ कशा लाथा मारतं, सगळं रोजच्या रोज पुण्याच्या सर्व्हरवरून नोएडाला पोचत होतं.

आणि मग पानिपत आडवं आलं. दर संक्रांतीला आतोबा सापडेल त्याला गाडीत घालून पानिपतला नेत, स्मारकापुढे तिळगूळ ठेवत, आणि परतीच्या वाटेवर मुरथलचे पराठे खाताना ती लढाई कशी जिंकता आली असती ते समजावत. त्या वर्षी पुण्याच्या सर्व्हरवरच्या एका गृहस्थाने लिहिलं की मराठे दिल्लीत बसून राहिले तिथेच घात झाला, दिल्लीची हवाच माणसाला ऐदी करते. आतोबांनी उत्तर दिलं की दिल्लीचा दोष बिल्कुल नाही, पुण्याहूनच रसद वेळेवर आली नाही. त्यावर त्या गृहस्थाने इतिहास सोडून आतोबांच्या 'बिल्कुल'वर, म्हणजे त्यांच्या हिंदी मिसळलेल्या मराठीवर, बोट ठेवलं. झालं! आतोबांनी पुण्याच्या अख्ख्या सर्व्हरला कडी घातली. मी गेलो तेव्हा दह्याची वाटी माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, "रसदच तोडली मी त्यांची. बसा म्हणावं आता!" आम्ही दोघंही पोटभर हसलो.

त्यानंतर मी दर रविवारी विचारी, "रश्मी काय म्हणते?" आधी "बिझी असेल" असं उत्तर यायचं. मग "दिवस भरत आलेत, थकत असेल." पुढे पुढे ते नुसताच हात हलवत. परक्याने दोन दिवस लिहिलं नाही तर मेट्रो पकडणारा हा माणूस स्वतःच्या मुलीच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत घरात बसून राहिला. तिला आता आपला कंटाळा आला, एवढाच अर्थ त्यांना लागला. मानी माणसाला दुसरा लागत नाही.

एका दुपारी रश्मीचा मला ऑफिसात फोन आला. "दादा, बाबांची तब्येत बरी आहे ना?" बरी आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "मग रागच आहे म्हणायचा. बाळ गेलं तेव्हा मी हॉस्पिटलमधूनच त्यांना लिहिलं होतं. म्हटलं, तुम्हा सगळ्यांना तेच सांगतील. एक शब्द आला नाही त्यांचा. मग मी ते पुसून टाकलं." बाळ गेल्याचं आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. मी मूर्खासारखं विचारलं, "कुठून लिहिलं होतंस?"

"कुठून म्हणजे? माझ्या खात्यावरून. पुण्याच्या."

मी तसाच नोएडाला गेलो. अशी बातमी हळू आवाजात सांगायची असते. आतोबांना ती शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात सांगावी लागली. रश्मीही पुण्याच्याच सर्व्हरवर आहे, तुमच्या कडीने तिचंही लिहिणं अडलं, हे मी ओरडून सांगितलं. मग बाळाचं सांगितलं. ते उठले, सर्व्हरसमोर जाऊन बसले आणि त्यांनी कडी काढली. बराच वेळ ते पडदा खालीवर करत होते. "कुछ नहीं आया," ते म्हणाले. घरात अख्खं वाक्य हिंदीत बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. बंद दारावरून परत गेलेला निरोप दार उघडल्यावर आपोआप येत नाही, हे मला त्यांनीच कधीतरी शिकवलं होतं. आणि रश्मीने आपल्याकडचंही पुसलं होतं.

"लाव तिला फोन."

"आतोबा, तुम्हाला ऐकू येणार नाही."

"लाव रे तू."

मी लावून दिला. त्यांनी मोबाइल कानाशी घट्ट दाबून धरला. "रश्मी, मला काही ऐकू येत नाहीये. पण तू बोल. जे लिहिलं होतंस ते सगळं बोल. मी आहे इथे." ती बोलली. आवाज पूर्ण वाढवलेला होता, त्यामुळे शेजारी बसलेल्या मला शब्द न् शब्द कळत होता. बाळाचे केस आईसारखे, म्हणजे आमच्या आत्यासारखे, कुरळे होते, असं ती म्हणाली, आणि मी उठून गॅलरीत गेलो. परत आलो तेव्हा फोन कधीच बंद झालेला होता. आतोबा अजून तो कानाशी धरून "हं, हं" म्हणत होते.

याला आता बराच काळ लोटला. रश्मी मला फोन करून बाबांची चौकशी करते, राग नाही असंही सांगते, पण लिहिणं सुटलं ते सुटलंच. "हात धजत नाही, दादा," म्हणते. आतोबांनी त्या दिवशी एकूण एक सर्व्हरच्या कड्या काढल्या, आणि नंतर एकालाही घातली नाही. आता त्यांच्या घरात जगाचा कचरा येऊन पडतो. कर्जाच्या जाहिराती, केस उगवण्याची औषधं, अनोळखी भाषांतल्या शिव्या. इतक्या पारखून घेतलेले सभासद वैतागून एकेक करून निघून गेले. पुण्याचे ते गृहस्थ अजून पानिपत लढतात आणि आतोबा त्यांना उत्तर देत नाहीत.

परवा गेलो तर ते यंत्रावरच्या दह्याच्या पातेल्याला धक्का न लावता, पडद्याला नाक लावून, तो सगळा उकिरडा ओळ न् ओळ वाचत होते. मला बघवेना. मी ओरडलो, "आतोबा, बंद करा हे सगळं. एक बटण तर दाबायचं."

"बिल्कुल नाही," ते म्हणाले. मग पडद्यावरची नजर न काढता, हळूच म्हणाले, "त्यात एखादं तिचं असलं तर?"