परातेसर आणि बोलणारा काटा

रुपराव पराते कळमेश्वर रस्त्यावरच्या एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात डिझाइन शिकवायचे. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट समोर आले की त्यांचं तोंड आंबट व्हायचं. स्मार्ट कचरापेटी, स्मार्ट छत्री, स्मार्ट कुंडी. "अक्कल सोडून सगळंच स्मार्ट आहे तुमच्याकडे," ते म्हणायचे.

यंदा वैभवच्या ग्रुपने बोलणारा वजनकाटा आणला. होस्टेलच्या मेसमध्ये उष्टं ताट त्यावर ठेवायचं. अन्न जास्त उरलेलं असलं की काटा बाईच्या आवाजात खडसावणार.

"प्रॉब्लेम काय आहे?" रुपरावांनी विचारलं.

"अन्नाची नासाडी, सर."

"हे भिंतीवर रंगवायचं वाक्य झालं. कोण टाकून राहिलं? काय टाकून राहिलं? काहून?"

वैभव गडबडला. "सर, सेन्सर इम्पोर्टेड आहे."

"मग त्यालेच विचार. नाहीतर खरकट्याच्या बादलीजवळ उभे राहा जाऊन."

ग्रुपमधली ऋतुजा तेवढी गेली. बाकीच्यांनी काट्याला निळा रंग दिला.

बादलीत भाजी-भात नव्हताच फारसा, नुसत्या पोळ्या. त्या दुपारी लाटल्या जायच्या आणि रात्रीपर्यंत चामड्यासारख्या व्हायच्या. ऋतुजाने लिहून आणलं: 'पोळ्या जेवणाच्या वेळी लाटत नाहीत, हा प्रॉब्लेम.'

रुपरावांनी कागद परत सरकवला. "हा प्रॉब्लेम नाही, तुझं उत्तरच आहे, उलटं करून लिहिलेलं. लाटणाऱ्या बायांले विचारलं काय?"

"सर, बाकीचे तर गेलेही नाही!"

"त्यांच्यासंग तुलना करून राहिली? एवढीच उंची आहे का तुझी?"

ती लाल डोळ्यांनी परत मेसमध्ये गेली. बायांना संध्याकाळची बस गाठावी लागायची. उशिरा लाटणं त्यांना शक्यच नव्हतं. लाटलेल्या पोळ्या मात्र पंख्याखाली उघड्या पडायच्या. दुसऱ्या कागदावर तिने लिहिलं: 'दुपारी लाटलेली पोळी रात्री जेवणाऱ्याला चाववत नाही.' मग बायांशी बोलून पोळ्या सुती कपड्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवायला लावल्या. बादली बरीच हलकी झाली.

प्रदर्शनात पहिलं बक्षीस काट्याला मिळालं. पाहुण्यांनी उष्टं ताट ठेवलं, काटा खेकसला, सभागृह हसलं, फोटो निघाले. रुपराव मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. सुटाबुटातल्या माणसाला यंत्राकडून बोलणी खाताना एवढा आनंद होतो, हे त्यांना नवीन होतं. काटा पुढे प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेला. तिथे कोणी जेवत नसे.

"ग्रुप सोडून वेगळं काम केलेल्या त्या मुलीचं मॉडेल कुठंय?" प्राचार्यांनी विचारलं.

"डब्यात."

प्राचार्यांना कळलं नाही. रुपरावांनी समजावायचे कष्ट घेतले नाहीत.

प्रदर्शन आटोपल्यावर ते ऋतुजाचं दुसऱ्या कागदावरचं वाक्य पुन्हापुन्हा वाचत बसले. नाव ठेवायला काही सापडेना, म्हणून चिडचिड झाली. शेवटी त्यांनी पूर्ण मार्क दिले आणि कागद तिच्याकडे न बघताच पुढे केला.

ऋतुजाने मार्क पाहिले, कागदाची घडी केली आणि आभार न मानता निघून गेली. रुपरावांना ते योग्यच वाटलं.