अक्काच्या पाहुण्याची मूठ

अक्काला शेवटचं भेटले तेव्हा तिची नखंसुद्धा पिवळी झाली होती. दवाखान्याच्या खाटेवर ती एकसारखी कूस बदलत होती. पाणी पाजायला वाकले तर म्हणाली, "शांते, मला रक्त दिलं त्याच्या नावाची मूठ चुकवू नको गं..." दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेल्याचा निरोप आला. दीड महिना होत आला, पण माझा जीव ठरत नाही. भांडी घासता घासता उठते, दाराशी जाऊन येते.

अक्का माझी थोरली जाऊ. दुष्काळ सरल्यावरच्या उन्हाळ्यात तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं. रक्त फार गेलं. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे भावजींचं, माझ्या नवऱ्याचं, कुणाचंच तिच्याशी जुळेना. शेवटी कुण्या परक्या माणसाच्या रक्ताची बाटली चढवली आणि ती वाचली. घरी आल्यावर पहिल्याच सोमवारी जंगम, आमचे लिंगायतांचे स्वामी, भिक्षेला आले. आमच्यात घरातल्या प्रत्येकाच्या नावानं एकेक मूठ जोंधळ्याचं पीठ त्यांच्या झोळीत घालतात. अक्कानं सगळ्यांच्या मुठी घातल्या आणि वर आणखी एक घातली.

"ही कुणाची?" भावजींनी विचारलं.

"माज्या रक्तातल्या पाव्हण्याची."

"नाव न्हाय, गाव न्हाय, आन् नातं लागलं व्हय?"

"लागलं की! तुमच्यापरीस जवळचं. तुमचं कुटं जुळलं माज्याशी?"

भावजीसुद्धा हसले. मी तोंडाला पदर लावून आत पळाले.

पुढं पावसाळ्यात तिचं अन्नावरचं मन उडालं, डोळे पिवळे झाले. आम्ही काविळीची माळ आणली. डोक्यावर घातलेली ही माळ रोज लांबते, गळ्यातून पोटावर आली की कावीळ उतरली म्हणतात. माळ उतरत होती, आम्ही खूश होत होतो, आणि अक्का बरळायला लागली. तेव्हा कुठं दवाखाना... डॉक्टर म्हणाले, चढवलेल्या रक्तातूनच ही आली असावी. देणाऱ्याच्या अंगात असते आणि त्यालाही ठाऊक नसतं. भावजी तिथंच ओरडले, "आता त्याच्या नावानं चिमूटबी जायची न्हाय माज्या घरातनं!"

अक्का त्या घटकेला शुद्धीवर होती. म्हणाली, "वरडू नका वो. त्या बापड्यालाबी हीच कावीळ असंल. त्याला कुणी सांगितलं असंल का?"

ती गेल्यावर जंगमांना पीठ भावजीच घालू लागले. त्या माणसाची मूठ बंद झाली. मी चौकटीआडून बघायची आणि आतल्या आत तडफडायची. थोरल्या दिरापुढं मी आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. पाणीसुद्धा ठेवून बाजूला व्हायची. परवाच्या सोमवारी जंगम वळले आणि मी पिठाचा डबा घेऊन बाहेर आले.

"स्वामी, थांबा. एक ऱ्हायली."

"कुणाच्या नावानं, अव्वा?"

भावजी तिथंच बसलेले. "अक्काच्या पाव्हण्याच्या," मी म्हणाले. "कुटं असंल तितं बरा होऊ दे."

मी डब्यात हात घातला. मग माझ्याकडं न बघताच भावजी म्हणाले,

"भरून घाल. तिची मूठ मोठी असायची."