फौजीमामांचे दोन शब्द

फौजीमामा अंघोळीला जातानाही रिपोर्ट देत. फौजेत ते ट्रक चालवायचे; पण निवृत्त होऊन केशोरीला शेती करू लागले आणि त्यांची सगळी भाषा फौजेची झाली. धानाच्या बांध्या पाहून येणं म्हणजे रेकी. रानडुकरांसाठी सायंकाळी मचाणावर बसणं म्हणजे स्टँड-टू. मामी म्हणायच्या, "नोकरीत होते तेव्हा सरळ बोलत होते."

मामी गेल्यावर मामांनी मोबाइल घेतला. शेजारच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर रोजचे रिपोर्ट सुरू झाले.

माझी आई, म्हणजे मामांची बहीण, जिल्ह्यातल्याच गोरेगावला माझ्याकडे असते. गावोगावचे तलाव गुपचूप विकले जात आहेत, असं सांगणाऱ्या एका ग्रुपवर ती होती. तिथे एक दिवस आलं : 'तलावाखाली रेकी पूर्ण. सायंकाळी स्टँड-टू.' आई घाबरली. "असे शब्द म्हणजे आतलाच माणूस असन," ती म्हणाली.

मी पाठवणाऱ्याला विचारलं. त्याने एका किराणा दुकानदाराचं नाव सांगितलं, दुकानदाराने केशोरीच्या आपल्या साळ्याचं. साळ्याने मूळ संदेश दाखवला : 'तलावाखाली रेकी पूर्ण. डुकरं आहेत. सायंकाळी स्टँड-टू.' वर मामांचं नाव. पुढे पाठवताना कुणीतरी डुकरं गाळली होती.

मी केशोरीला जाऊन दाखवले, तेव्हा मामांनी चष्मा लावून दोन्ही संदेश वाचले. "डुकरं कायले काढली?" एवढंच विचारलं.

त्याच आठवड्यात ड्रोनने तलाव मोजायला आलेल्या दोघांना लोकांनी 'रेकीवाले' म्हणत पाळीवर, तलावाच्या बांधावर, घेरलं. एकाचा शर्ट फाटला होता. मामा सायकल टाकून मध्ये उभे राहिले. "रेकी माहा शब्द होय. डुकरांसाठी होता. सोडा यायले."

लोकांनी सोडलं. सायंकाळी आईच्या ग्रुपवर आलं : फौजीमामांवर वरून दबाव आहे.

दुसऱ्या दिवशी चौघे धीर द्यायला घरी आले. मामांनी चहा केला, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. निघताना एकाने त्यांचा हात दाबला. "समजलं, मामा. तुम्ही बोलू नका."

त्यानंतर मामांनी रिपोर्ट देणं सोडलं. फोनवर मी म्हटलं, "मामा, काऊन साधं बोलून राहिले?"

"ते शब्द आता त्यायचे झाले," मामा म्हणाले. "मी बोललो का कोनी घाबरते."

थंडीत एकदा त्यांचा फोन आला. म्हणाले, "बरं नाही वाटून राहिलं."

एवढ्या वर्षांत असं वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. मिळेल त्या एसटीने निघालो. पोचलो तेव्हा मामांची शुद्ध गेली होती. भेट झाली, बोलणं झालं नाही.