बिल न झालेली साडी

मालोजीअण्णांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, साड्या राहत. घरात मराठी आणि दुकानाच्या गादीवर कन्नड, अशी एकतीस वर्षं त्यांनी चिकपेटेच्या कापडबाजारात साड्या दाखवल्या. साडी स्वतःच्या खांद्यावर घेऊन दाखवायची, आणि तेवढ्यापुरता मास्क खाली ओढायचा. तोंड झाकलं की साडीची शोभा कळत नाही, असं त्यांचं ठाम मत.

वरमहालक्ष्मीचा शुक्रवार, साडीखरेदीचा मोठा सण, चार दिवसांवर आला होता. एका गिऱ्हाइकाला रेशमाची खात्री हवी होती. अण्णांनी एक धागा काढून जाळला, नाकाशी नेला. खरं रेशीम जळलं की जळक्या केसांचा वास येतो. बाईंना तो आला, अण्णांना नाही. त्यांनी दुसरा धागा जाळला. मग गादीवरून उतरले आणि तपासणी करून आले. कोरोना निघाला.

ताप नाही, खोकला नाही. बायको मथुराबाई दाराबाहेर ताट ठेवायच्या आणि अण्णा मागच्या खोलीत नवल करत बसायचे. लशीचे दोन डोस झालेले, मग हा आत शिरला कुठून? वॉर्डातल्या आरोग्यसेविकेचा, शिवलीलाचा फोन आला तेव्हा त्यांनी आधी हेच विचारलं.

ती म्हणाली, "लस तुम्हाला सहसा आडवं पडू देणार नाही, अण्णा. पण तुमच्याकडून दुसऱ्याला जाऊ शकतं. स्वल्प आठवा, मास्क काढून कुणाजवळ बसलात?"

अण्णा सांगू लागले. शनिवारी सकाळी जांभळी, मोरपंखी काठाची. मग आंब्याच्या रंगाची, दोघी बहिणी. शिवलीला हसली. साडीला फोन कसा लावायचा, म्हणाली. अण्णांनी दुकानातून फोनवर बिलबुक वाचून घेतलं. तेरा साड्या, तेरा नंबर मिळाले.

चौदावी पिस्ता रंगाची. तिचं बिलच झालं नव्हतं. त्या बाई मास्क न काढता दाराशीच बसल्या होत्या. माझी किडनी बदललीय, म्हणाल्या होत्या, लस घेतली तरी डॉक्टर म्हणतात तिच्यावर विसंबू नका. त्यांना हवा तो अबोली काठ नव्हता, म्हणून अण्णांनीच त्यांना पलीकडच्या गल्लीत, मालकांचा प्रतिस्पर्धी कार्तिक याच्या दुकानात धाडलं होतं.

दुकानाचे मालक म्हणाले, तेराजणींना कळवलं तेवढं पुरे. कार्तिकला कळलं तर तो बाजारभर करेल, आणि शुक्रवारपर्यंत आपली पायरी कुणी चढणार नाही. अण्णांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी कार्तिकला फोन लावला.

"एकतीस वर्षांत एक गिऱ्हाईक पाठवलंस," कार्तिक म्हणाला, "तेही परत मागतोस?"

अण्णांनी खरं ते सांगितलं. पलीकडे बिलबुकाची पानं चाळल्याचा आवाज आला. मग कार्तिकनं नंबर सांगितला, सावकाश, दोनदा.

वसुमतीबाई बसवनगुडीच्या. त्यांनी सगळं ऐकलं, तुमचा मास्क खाली होता ना एवढंच विचारलं, आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मालकांनी अर्धं शटर ओढलं. बातमी बाजारात पसरली होती, गिऱ्हाईक येईना. अण्णांशी ते बोलले नाहीत.

बाराव्या दिवशी वसुमतीबाईंचा फोन आला. त्यांनाही कोरोना निघाला होता, पण अण्णांच्या फोनमुळे लगेच तपासून घेतलं, आणि ताप चढण्याआधीच उपचार सुरू झाले. कालच इस्पितळातून घरी आल्या.

"तुम्ही फोन केलात, अण्णा, त्या संध्याकाळी नातीचं बारसं होतं. मी निघालेच होते. गेले नाही."

अण्णांना राहवेना. "नाव काय ठेवलं?"

"रम्या. मी फोनवरच ऐकलं."