जोबेदाचा गोड हापसा

मेघना नदीकाठच्या त्या वाडीत जोबेदाच्या हापशासारखं पाणी कुणाचं नव्हतं, असं जोबेदाच सांगायची. काचेसारखं नितळ आणि चवीला गोड. धाकटी जाऊ रोशनआरा शेजारीच राहायची, तिच्या हापशाला मात्र गंज यायचा. तिच्याकडचा चहा काळा ठिक्कर. जोबेदा एक घोट घ्यायची नि म्हणायची, "रोशन, यात बोरू बुडवला तर अख्खं पत्र लिहून होईल."

दहा वर्षांपूर्वी पाणी तपासणाऱ्यांनी दोन्ही हापशांना पिण्याजोगे म्हणून हिरवा रंग दिला होता. यंदा फाल्गुनात तपासणीची पोरगी पुन्हा आली. तिनं बाटलीतली पट्टी पाहिली, रोशनआराचा हापसा हिरवाच ठेवला आणि जोबेदाच्या हापशाच्या तोंडाला लाल रंग फासला. जोबेदाला तो आपल्याच तोंडाला फासल्यासारखा झोंबला.

"चुकलीस गं बाई!" म्हणत तिनं पेरूचं पान चुरगळून पाण्यात टाकलं. "बघ, झालं काळं?"

"नानी, पान लोखंड ओळखतं. आर्सेनिकचं विष त्याला कळत नाही. त्याला ना रंग, ना वास."

"मग आधी हिरवा कसा होता?"

"आधी पाणी बरं होतं. आता पाऊस कमी, अन् उन्हाळी भाताला अख्खं गाव मोटारी लावून उपसतंय. खालचं पाणी हललं, मातीतलं विष घेऊन वर आलं. धुण्याला चालेल, पण पिऊ नका, भात शिजवू नका. उकळलं तरी ते जात नाही."

जोबेदा दोन दिवस गाल फुगवून त्याच हापशाचं पाणी पीत राहिली. तिचं काय, हाडं जुनी झाली होती. पण सून शेफालीला सातवा महिना लागलेला. तिसऱ्या दिवशी सुनेनं लाल हापशाखाली पेला धरला, तसा जोबेदानं तो हिसकून घेतला नि ओतून टाकला. मग कळशी कमरेवर घेऊन धाकट्या जावेकडे निघाली.

रोशनआरा दारातच होती. थोरल्या जावेला ती बुबू, म्हणजे ताई म्हणायची. "या बुबू! वाट चुकलात काय?"

"सुनेसाठी आलेय. मला नाही तहान."

"हो का? मग ओठ का सुकलेत?"

रोशनआरानंच दांडा मारून कळशी भरली. "अंमळ निवळू द्या, गंज बुडाशी बसेल." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बुबू, माझ्या पाण्यानं ह्यांचे जुम्म्याचे पांढरे सदरे हळदीसारखे पिवळे होतात. धुवायला तुमच्याकडे आणू का?"

जोबेदाची मान पुन्हा ताठ झाली.

"आण की. पण तिथं घोटभर जरी प्यालीस, तर टाळकं फोडीन."