‘येतो’ म्हणालो आणि दार उघडेना

आधीच सांगून टाकतो – असले अनुभव सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. याच सदरातले किस्से बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि प्रत्येकाला एक टेक्निकल कारण चिकटवायचं, हा माझा आवडता उद्योग. मी दुबईत लिफ्ट मेंटेनन्समध्ये इंजिनियर आहे. अडकलेल्या माणसांना दार उघडून बाहेर काढायचा मला पगार मिळतो. दार उघडत नसेल तर स्प्रिंग, लॅच, नाहीतर कोणाचा तरी मूर्खपणा... चौथं कारण मला ठाऊक नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालचा ऑगस्ट. आम्ही तेव्हा अल मनखूलला राहायचो. मी, बायको वैशाली आणि सहा वर्षांची केतकी. मला एक नाद होता – जपानी चहाचे वाडगे जमवायचा. तिकडे चहा पिणं हा एक विधीच असतो, आणि त्याचे वाडगे हाताने घडवतात. एखादा वाकडा, एखाद्यावर झिलई ओघळून तशीच थांबलेली, एकासारखा दुसरा नाही. त्याला म्हणतात ‘चवान’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या मनात आलं, चव्हाण? कुठले, साताऱ्याचे का? घरी येऊन हे सांगितलं आणि फसलो. तेव्हापासून मी खोका घेऊन दारात आलो की वैशाली विचारायची, “आले का अजून एक चव्हाण? अहो, आता यांना झोपायला जागा कुठे द्यायची?”

हा नाद लावला ओकादा-सानांनी. सान म्हणजे आपलं ‘राव’. आमच्या कंपनीत जपानहून आलेले सल्लागार, साठीचे, एकटे, दुबईतल्याच देरा भागात दुसऱ्या मजल्यावर राहायचे. पहिल्यांदा आम्ही तिघं त्यांच्याकडे चहाला गेलो आणि निघताना केतकी मोठ्याने म्हणाली, “अंकल, वी आर कमिंग!” आमच्या दुबईतल्या पोरांचं इंग्रजी हे असं. ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं, हे आपण शिकवलेलं, तेच तिने सरळ इंग्रजीत केलं. आम्ही घरी येऊन जेवून झोपलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये ओकादा-सान काळजीने विचारतात, “तुम्ही परत आला नाहीत?” रात्रीपर्यंत पाणी उकळत ठेवून हा माणूस आमची वाट बघत बसला होता! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी त्यांना सगळं समजावलं. निघणारा म्हणतो ‘येतो’, घरातला म्हणतो ‘या’. त्यांना इतका आनंद झाला! म्हणाले, आमच्यातही घराबाहेर पडताना ‘जाऊन येतो’ असंच म्हणतात. पण पाहुणा नाही म्हणत, फक्त घरचा माणूस म्हणतो. “मग तुम्ही या घरचेच झालात.” तेव्हापासून आम्ही निघालो की ते दारात ताठ उभे राहून कवायतीची ऑर्डर द्यावी तसं ओरडायचे – “या!” आणि ते ‘या’ म्हणेपर्यंत आम्ही निघायचं नाही, असा खेळच झाला.

त्या जुलैत ते सुट्टीवर जपानला गेले आणि तिथे त्यांना पक्षाघात झाला. वाचा गेली. कंपनीने फ्लॅट रिकामा केला. त्यांच्या पुतण्याचा मला फॅक्स आला – काकांनी सुट्टीवर निघण्यापूर्वी एका खोक्यावर तुमचं नाव लिहून ठेवलंय, घेऊन जा. खोक्यात काय असणार ते मला माहीत होतं. त्यांचा काळा वाडगा. दोन वर्षं माझा त्यावर डोळा होता, खोटं कशाला बोलू?

शनिवारी फ्लॅटचा ताबा जाणार होता, म्हणून मी शुक्रवारी दुपारी गेलो. वैशाली हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्युटीवर, त्यामुळे केतकी माझ्याबरोबर. स्विमिंगहून येताना ती मागच्या सीटवर गाढ झोपली होती. उठवायचं जिवावर आलं. पाच मिनिटांचं तर काम! इंजिन चालू, एसी चालू, मोबाइलही गाडीतच चार्जिंगला. दुसऱ्या किल्लीने दारं लॉक केली आणि गेलो. त्या काळी सगळेच करायचे हो... पण सगळे करायचे म्हणून माझी चूक लहान होत नाही.

बिल्डिंगचा नातूर – म्हणजे वॉचमन – मोइदू नमाजाला निघाला होता. “साब, खुला छोड़के रखा है. यल्ला, जल्दी करना,” म्हणाला आणि गेला.

वर फ्लॅटमध्ये काहीसुद्धा नव्हतं. खुर्ची नाही, पडदा नाही, फोनची वायर नुसती लोंबत होती. दार माझ्यामागे आपोआप लागलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुठ्ठ्याचा खोका. मला धीर कुठला! तिथेच उघडला, वाडगा बाहेर काढला. एसी बंद असलेल्या त्या भट्टीत तो गार होता, आणि हाताला चांगला जड. बघत बसलो थोडा वेळ. मग तो घेऊन दाराशी आलो आणि सवयीने रिकाम्या घराकडे वळून म्हणालो, “येतो हं.”

हँडल फिरलं, दार हललं नाही.

लॅच आत जात होती, डोळ्यांना दिसत होती. वर कडी नाही, खाली बोल्ट नाही. दाराच्या चौकटीत नखभर फट होती. अडवणारं काहीही नव्हतं आणि दार केसभर सरकत नव्हतं. मी ओढलं, उचलून ओढलं, चौकटीला पाय लावून ओढलं. बडवलं, हाका मारल्या. बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नाही. समोरच्या मशिदीतून लाउडस्पीकरवर प्रवचन चाललं होतं.

खिडकीपाशी धावलो. ती न उघडणारी, अख्ख्या काचेची. खाली माझी गाडी. एसी चालू असला की गाडीखाली पाणी ठिबकतं, त्याचा ओला डाग मला वरून दिसत होता. मी परत दाराशी, परत खिडकीशी. तो डाग आक्रसत गेला, आणि एकदा बघितलं तर कोरडा डांबरी रस्ता. गाडी तापून बंद पडली होती. ऑगस्टच्या उन्हात, बंद गाडीत, माझी पोरगी.

आणि एक विचित्र सांगतो. त्या घराचा मला राग जाणवत नव्हता. उलट ‘बसा हो, काय घाई आहे’ म्हणून कोणीतरी दोन्ही हातांनी आग्रह करावा तसं वाटत होतं. त्या आग्रहाची मला जास्त भीती वाटली. मी रडत होतो. रडत रडत म्हणत होतो, “येतो हो ओकादा-सान... येतो, जाऊ द्या मला, येतो...”

मागून, स्वयंपाकघराच्या दिशेने, खणखणीत आवाज आला – “या!”

हँडलवर माझा हात होताच. दार उघडलं.

मी वळून बघितलं नाही. खाली केतकी लालबुंद, केस भिजून कपाळाला चिकटलेले, डोळे अर्धवट उघडे, आणि हाकेला ओ नाही. तिला उचलून लॉबीत आणलं तोवर मोइदू परतला. त्याने आपल्या खोलीतला एसी लावला, ओल्या फडक्याने तिचे हातपाय पुसले, चमच्याने पाणी पाजलं. किती वेळ गेला देव जाणे... मग ती कुरकुरली, “बाबा, आय वॉन्ट ज्यूस.” मी फरशीवर बसकण मारली. लॉबीतल्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

मोइदू वर जाऊन दार बघून आला. “साब, एक उंगली से खुलता है.” नंतर मीही बघितलं. खरंच एका बोटाने उघडत होतं.

आठवड्याने पुतण्याला आभाराचा फोन केला. यातलं अक्षर बोललो नाही. तो आपणहून म्हणाला, “काका झटक्यानंतर एकदाच बोलले. शुक्रवारी, संध्याकाळचं जेवण आलं तेव्हा.” नर्सला वाटलं, ते ‘इया’ म्हणाले. इया म्हणजे नको. तिने ताट परत नेलं. पुतण्याला मात्र तो नुसताच ‘या’ ऐकू आला होता. मी वेळ विचारली. सहाच्या आसपास. जपान दुबईच्या पुढे पाच तास. ओकादा-सान त्या हिवाळ्यात गेले. दुसरा शब्द ते बोलले नाहीत.

दार का उघडत नव्हतं, याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. आवाजाचंही नाही. इंजिनियर असून हे लिहून देतो.

वैशाली, तुला मी तेव्हा ‘गाडी तापली, थोडा उशीर झाला’ एवढंच सांगितलं होतं. उरलेलं आता इथे वाचते आहेस. अजून एक राहिलंय. त्या फ्लॅटमध्ये खिडकीची काच फोडता येईल अशी एकच जड वस्तू होती. ती मी छातीशी धरली होती आणि दार एका हाताने बडवत होतो.